ओल्या कापडाचा निकाल

सकाळ झाली होती, पण तिला कसलीही घाई नव्हती.

क्युरासाओ बेटाच्या पायथ्याशी कॅरिबियन समुद्र निजला होता. निजला होता म्हणजे श्वास घेत होता. आणि प्रत्येक श्वासासरशी त्याच्या अंगावरचं रेशमी पांघरूण किंचित वर येत होतं, किंचित खाली जात होतं. काठाशी पाणी काचकोमल, निर्वर्ण. चार हातांवर पाचूच्या पात्यासारखं कोवळं. त्यापलीकडे मोरकंठी. आणि जिथे तळ एकाएकी तुटतो तिथे निळं, अगाध निळं, ज्याच्याशी वाद घालायची कुणाची छाती होऊ नये असं निळं.

कड्यावर निवडुंगांचे उंच खांब उन्हाची पालखी पेलून उभे होते. पाण्यालगतच्या खडकावर पेलिकन पक्षी, पिशवीदार चोच छातीवर टेकवून, पेन्शनीच्या रांगेतल्या माणसांसारखे गंभीर बसले होते.

नावेच्या टोकाशी बसलेल्या अंबादास येमूल यांनी त्या सगळ्या निळाईवरून एकदा नजर फिरवली. उजवा डोळा मिटला. उघडला. मग डावा मिटला.

"मोरकंठीत पिवळा थोडा जास्त पडलाय," ते समुद्राला म्हणाले.

समुद्राने ऐकून घेतलं. त्याला वेळ होता.

अंबादासरावांनाही वेळ होता. वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांच्याकडे वेळ सोडून फारसं काही उरलं नव्हतं.

ते सोलापूरचे. छत्तीस वर्षं एका चादरीच्या कारखान्यात रंगमास्तर. टाकीतून सूत निघालं की त्यातली चिमूटभर लड वाळवायची, सकाळी दहाच्या सुमाराला उत्तरेच्या खिडकीशी धरायची, शेजारी पांढरं ठेवायचं, आणि एकच शब्द बोलायचा. पास. किंवा, नापास. ट्यूबलाइटखाली निकाल नाही. दुपार कलल्यावर निकाल नाही. आणि ओल्या कापडावर तर नाहीच नाही. कारण ओलं कापड खोटं बोलतं, पाणी उतरलं की त्याचा रंगही उतरतो. या तीन नियमांवर त्यांचं आयुष्य उभं होतं. उरलेले नियम, म्हणजे उपासतापास, सणवार आणि कोणाच्या लग्नाला किती दिवस आधी जायचं, ते नागमणी बघायची.

नागमणी म्हणजे पत्नी. त्या घरात भांडण तेलुगूत सुरू व्हायचं, मराठीत रंगात यायचं, आणि कोणत्याच भाषेत न बोलण्याने संपायचं.

निवृत्तीच्या वर्षी ती म्हणाली होती, "ओ मास्तर, अख्ख्या सोलापूरच्या अंथरुणांना रंग दिलात. मला एक साडी द्या की रंगवून. समुद्रासारखी निळी."

समुद्र तिने पाहिला नव्हता. त्यांनीही पाहिला नव्हता. न पाहिलेल्या गोष्टीचा रंग दोघांनाही अगदी पाठ होता.

मग एका रविवारी, नमुन्याच्या छोट्या टाकीत, पांढरी सुती साडी बुडाली. वाफेची शुभ्र वलयं उठली, वितळली. पाण्याच्या पोटात निळीचा मेघ फुटला, पसरला, पदराच्या काठाकाठाने सरकत गेला. अंबादासरावांनी त्या दिवशी टाकी स्वतः ढवळली, तापमान स्वतः धरलं, आणि साडी स्वतः दोरीवर घातली. छत्तीस वर्षांत एवढ्या हळुवारपणे त्यांनी कशालाच हात लावला नव्हता; नागमणीच्या मते, कोणालाच.

सोमवारी, सकाळी दहाला, उत्तरेची खिडकी.

"हिरवट झाली," ते म्हणाले.

"हिरवट? निळीच आहे की ओ!"

"हिरवट. नापास. नेसून बाहेर जाऊ नको. लोक काय म्हणतील, मास्तरच्या बायकोच्या अंगावर नापास माल?"

ती गेली नाही. ती साडी तिने घरातच नेसली. सकाळी भाकरी थापताना नेसली, दुपारी शेंगा फोडताना नेसली, संध्याकाळी दिवा लावताना नेसली. नऊ वर्षं ती साडी धुतली गेली, दोरीवर वाळली, आणि दोरीखालून वाकून जाताना ते म्हणायचे, "हिरवट." आतून आवाज यायचा, "निळीच आहे की ओ." पुढेपुढे दोघंही साडीकडे न बघताच म्हणू लागली. संसारातलं बाकीचं बोलणं आटत गेलं, पण ही दोन वाक्यं, तुळशीच्या कट्ट्यावरच्या सकाळ-संध्याकाळच्या दिव्यांसारखी, कधी चुकली नाहीत.

मग एके दिवशी आतून आवाज आला नाही.

तेराव्यानंतर साड्या भाच्या-पुतण्यांत वाटल्या गेल्या. ती साडीही कुणाकडे तरी गेली. कुणाकडे, हे अंबादासरावांना विचारावंसं फार वाटलं. पण विचारताना रंग कोणता सांगायचा?

आणि तीन वर्षांनी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

पट्टी सुटली तेव्हा जग धुऊन वाळत घातल्यासारखं दिसलं. भिंत पांढरी निघाली. आकाश निळं निघालं. त्यांनी कपाटातली नमुनावही काढली. प्रत्येक रंगाची दोन बोटं कतरण त्यात चिकटवायची त्यांची सवय होती. शेवटच्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: *घरचे काम. साडी, एक नग. शेड हिरवट. नापास.* आणि खाली ती कतरण, बारा वर्षं अंधारात मिटलेली, न धुतलेली, न विटलेली.

उजव्या डोळ्याने पाहिलं. निळी.

डाव्या डोळ्याने पाहिलं. हिरवट.

"मोतीबिंदू पिकत जातो ना काका, तसं सगळं हळूहळू पिवळट दिसायला लागतं," डॉक्टर म्हणाले होते. "माणसाला स्वतःला कळतही नाही."

"किती वर्षांपासून असेल?"

"असेल की दहा-बारा."

पण रंगमास्तर असा सहजी निकाल देत नसतो. डावा डोळा घरचा होता, बहात्तर वर्षांच्या नोकरीचा. उजव्यात आता कुठल्याशा कंपनीचं भिंग होतं. ते भिंगच पदरची निळाई घालत नसेल कशावरून? दोन साक्षीदार, दोन जबान्या. तिसरा कोणी हवा होता. ज्याच्या निळेपणाबद्दल जगात दुमत नाही, असा कोणी. त्याच्या शेजारी कतरण धरायची, आणि ठरवायचं: नऊ वर्षं, रोज, चुकत कोण होतं.

आणि हे लवकर करायला हवं होतं. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यातली पडली होती. ते ऑपरेशन झालं की एक साक्षीदार कायमचा फुटणार होता.

आधी ते अलिबागला गेले. अलिबागचा समुद्र साक्षीला उभा राहिला, पण तो स्वतःच खाकी होता.

मग एका पर्यटन कंपनीच्या पत्रकात त्यांनी वाचलं: *निळी खोली. जगातली सर्वांत निळी सागरी गुहा. पोहत जाऊन पाहा.* शेजारी फोटो. फोटोवर त्यांचा विश्वास नव्हता. छपाईची निळी शाई त्यांना चांगली ठाऊक होती. पण पत्ता खरा होता.

असे ते आले होते. सतरा जोडपी, आणि अंबादासराव. बसमध्ये शेजारची सीट रिकामी. तिच्यावर त्यांची पिशवी बसायची. जेवताना समोरची खुर्ची रिकामी. तिच्यावर कोणीच बसायचं नाही. संध्याकाळच्या खेळांत जोडप्यांना एकमेकांच्या आवडीनिवडी विचारल्या जायच्या, आणि अंबादासरावांकडे शिट्टी दिली जायची. ते ती वेळेवर वाजवायचे.

आज सकाळी जोडपी फ्रिजवर चिकटवायची चित्रं घ्यायला बाजारात गेली. टूरच्या मृण्मयीताई काळजीने म्हणाल्या, "येमूल काका, पाण्यात उतरणं ऐच्छिक आहे बरं का. एक वाजता जेवण मात्र सक्तीचं आहे."

"पोहता येतं मला."

"कुठे शिकलात?"

"विहिरीत."

मृण्मयीताईंनी समुद्राकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि फॉर्मवर त्यांची सही घेतली.

नाव चालवत होती रुफिना. पन्नाशीची, वडासारखी ऐसपैस, काळ्या गुळासारखी तुकतुकीत. ती जगाला 'दुशी' म्हणायची. त्या बेटावर लाडक्या माणसाला असं म्हणतात. ती नावेला दुशी म्हणायची, बंद पडलेल्या इंजिनाला दुशी म्हणायची, आणि अंबादासरावांनाही पहिल्या मिनिटापासून दुशी म्हणत होती. दोघांचंही इंग्रजी उसनं होतं, त्यामुळे गैरसमजाला जागा नव्हती.

"एकटाच, दुशी?"

"एकटाच."

"गुहेत एकट्याने जायचं नसतं. नियम आहे. मग आज मी तुझी जोडीदार." तिने त्यांच्या छातीला नारिंगी जॅकेट करकचून बांधलं. लहानपणी विहिरीत पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधायचे तो त्यांना आठवला. साठ वर्षांत बिंड्याचा फक्त रंग बदलला होता, आणि तोही नापास होता.

"गुहेचं तोंड कोणत्या दिशेला?" त्यांनी विचारलं.

"समुद्राकडे, दुशी."

"उत्तरेला आहे का?"

"समुद्र सगळीकडेच असतो," रुफिना म्हणाली, आणि त्यांच्या डोळ्यांवर पोहण्याची काच चढवून, तोंडात श्वासाची नळी बसवून तिने हा विषय संपवला.

मोबाइल भिजू नये म्हणून टूरने गळ्यात घालायला पारदर्शक पाकीट दिलं होतं. अंबादासरावांच्या पाकिटात मोबाइल नव्हता. दोन बोटांची कतरण होती.

ते पाण्यात उतरले.

पाण्याखाली दुसरी सकाळ होती. तिथे ऊन सरळ पडत नव्हतं. लवत, लहरत, सोन्याच्या सैल जाळ्यासारखं तळावर सरकत होतं. प्रवाळांची झुडपं, जांभळी, राखी, हळदुली, न हलणाऱ्या वाऱ्यात हलत होती. पिवळ्या पट्ट्यांचे मासे थव्याने आले, थव्याने थबकले, एका अंगाने वळले आणि थव्याने गेले. तेही जोडीजोडीने, अंबादासरावांनी नोंद घेतली. काचेआड त्यांचा स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. घरातही अलीकडे तेवढाच ऐकू येत असे.

मग कडा आला. कड्याच्या तळाशी काळं, बुटकं भगदाड. लाट आली की ते मिटायचं, लाट ओसरली की हातभर उघडायचं. मिटायचं, उघडायचं, झोपेत पुटपुटणाऱ्या ओठांसारखं.

रुफिनाने त्यांचं मनगट धरलं. तिच्या दुसऱ्या हातात, का कोण जाणे, इनॅमलची एक पांढरी ताटली होती. "थांब, दुशी. थांब. थांब... चल!"

लाट ओसरली. माथ्यावरून खडक सरकला, ओला, थंड, म्हाताऱ्या हत्तीच्या पोटासारखा. क्षणभर काळोख.

"आता मागे वळ."

ते वळले.

आणि निळं झालं.

प्रकाश वरून येत नव्हता. तो पाण्याखालून येत होता. भगदाडाच्या बुडातून शिरलेलं ऊन समुद्रातून गाळून, गाळून, गाळून आत येत होतं आणि सगळं पाणी आतून पेटल्यासारखं झालं होतं. ज्योत नसलेली आग. निळ्या काचेआडची निळी समई. छताच्या खडकावर निळी जाळी थरथरत होती, पाण्यातले त्यांचे हात निळे होते, नखं निळी होती, श्वासाचे बुडबुडे निळ्या मोत्यांच्या सरीसारखे वर जात होते. निळं, त्यात निळं, त्याच्याही आत निळं. कोणी बोललं असतं तर तेही निळंच निघालं असतं.

अंबादासरावांनी नळी काढली. छत्तीस वर्षांत त्यांनी अशी शेड कुणाला दिली नव्हती, आणि कुणी मागितली असती तर आगाऊपणा म्हणून हाकलून दिलं असतं.

"बघ हं," रुफिना म्हणाली. आता तिने ती ताटली पाण्याखाली धरली. "नुसतं बघून रंग कळत नाही, दुशी. शेजारी पांढरं लागतं."

अंबादासराव चमकले. साता समुद्रांपलीकडे, काखेत पांढरं घेऊन हिंडणारी बाई! त्यांच्या धंद्यातलीच निघाली.

पण ताटली पाण्यात गेली, आणि निळी झाली. नुसती निळसर नव्हे. निळी, काठापासून काठापर्यंत. रुफिना हसली; तिचे दातही निळे होते.

अंबादासरावांना मात्र कळून चुकलं. जिथे पांढरंही निळं, तिथे कशाचा निकाल लागणार? इथे हिरवट धरा, निळं. पिवळं धरा, बहुधा तेही निळं. जो साक्षीदार सगळ्यांनाच हो म्हणतो, त्याची साक्ष कोण घेतं? एवढं अर्धं जग ओलांडून ते आले होते, आणि न्यायाधीश असा प्रेमळ निघाला होता.

तरी त्यांनी पाकीट उघडलं. आलोच आहोत तर, असं ज्या स्वरात माणसं देवळात जातात, त्या स्वरात. कतरण ताटलीवर ठेवली.

ती दिसेनाशी झाली.

कड गेली, पोत गेला, दोऱ्यांची वीण गेली. रंगमास्तरांच्या भाषेत याला पक्की जोड म्हणतात: दोन रंग असे मिळतात की मधली रेघ पुसली जाते. छत्तीस वर्षांत त्यांनी ती रेघ पुसायचाच पगार घेतला होता. आज ती फुकटात पुसली गेली, आणि तिच्याबरोबर कतरणही.

"कुठे गेलं?" रुफिनाने बोटाने ताटली चाचपली. ताटली नुसती गुळगुळीत लागली. "दुशी, इथे काही नाही!"

लाट आत आली होती. तिने जाता जाता कतरण उचलली होती.

अंबादासरावांनी नळी पुन्हा दातांत धरली आणि तोंड पाण्यात घातलं. निळं. उजवीकडे निळं, डावीकडे निळं, खाली निळ्याचं अथांग, अनंत, निःशब्द तळघर. कंपनीचं नवं भिंग लख्ख, निर्दोष काम करत होतं. ते जिथे वळेल तिथे तितकंच सुंदर निळं दाखवत होतं, आणि त्या सगळ्या सौंदर्यात ती नव्हती. दोन बोटं कापड. तिच्या अंगाला लागलेल्या साडीचं शेवटचं दोन बोटं कापड. त्यांनी हात फिरवले, पाणी चिवडलं. हातातून निळं निसटत राहिलं. काचेआडचा श्वास हुंदक्यासारखा वाजू लागला. कदाचित तो हुंदकाच होता. पाण्याखाली कोण सांगणार?

तेव्हा, काही सुचेना म्हणून, त्यांनी उजवा डोळा मिटला.

उरला डावा. जुना, पिकलेला, पिवळट. त्या डोळ्यापुढे गुहेची सगळी दिव्य निळाई विझली, मळली, धुण्याच्या शेवटच्या पाण्यासारखी झाली.

आणि त्या मळक्या पाण्यात, हातभर खाली, काहीतरी वेगळं तरंगत होतं. लहानसं. चौकोनी. झाडावरून सुटलेल्या पानासारखं गिरक्या घेत हळूहळू बुडत असलेलं.

हिरवट.

त्यांनी झडप घातली. जॅकेटने मागे ओढलं, नळीत पाणी शिरलं, नाकातोंडात कॅरिबियन समुद्र गेला. पण मूठ मिटली तेव्हा तिच्यात कापड होतं.

रुफिनाने त्यांना काखेत धरून वर काढलं. ते खोकत होते, थुंकत होते, आणि मूठ उघडत नव्हते. ती नुसती त्यांच्या पाठीवर थोपटत राहिली, आणि निळं पाणी त्या दोघांभोवती वर येत राहिलं, खाली जात राहिलं.

ज्या डोळ्याने तिला नापास केलं, त्याच डोळ्याने ती सापडली. ज्याला ती सगळ्या निळ्याहून वेगळी दिसायची, तो एकच डोळा होता. बाकी सगळ्या निर्दोष नजरांत ती विरघळून गेली असती. अंबादासराव जॅकेटच्या आधाराने पाण्यावर उताणे, छताकडे बघत पडून राहिले. नऊ वर्षं ते दोरीखालून जाताना चुकतच होते. तिचं बरोबर होतं, हे त्यांना पट्टी सुटली त्याच सकाळी कळलं होतं. मग एवढा समुद्र कशाला ओलांडला?

उत्तर पाण्यासारखं समोर होतं. निकाल लागला की भांडण संपतं. आणि भांडण संपलं की त्या घरात, दोरीखाली, उरतं कोण?

परत जाताना ऊन चढलं होतं. पेलिकन अजून रांगेतच होते. अंबादासरावांनी कतरण गुडघ्यावर पसरून दोन बोटांनी धरली होती. वारा तिची कड फडफडवत होता, नावेच्या नाकावर फुटणारी लाट अधूनमधून तिच्यावर तुषार उडवत होती.

"मग दुशी," रुफिनाने इंजिनाच्या वर आवाज चढवून विचारलं, "कोणता रंग निघाला?"

"कापड ओलं आहे," अंबादासराव ओरडले. "ओल्यावर निकाल देत नसतात."

"मग कधी देणार?"

"वाळल्यावर."

रुफिनाने समुद्राकडे पाहिलं, तुषारांकडे पाहिलं, आणि नावेचा वेग काही कमी केला नाही.

सोलापूरला गेल्यावर डॉक्टरांना भेटून डाव्या डोळ्याची तारीख पुढे ढकलायला हवी होती. किती पुढे, ते विचारतील. साक्षीदाराची उलटतपासणी बाकी आहे, असं सांगता येईल.

समोर समुद्र होता, न संपणारा, न बोलणारा. त्यांनी उजवा डोळा मिटला.

"हिरवट," ते हळूच म्हणाले.

मग डावा मिटला. थोडं थांबले. मग तिच्या स्वरात, तिच्या हेलात, 'ओ' जरा लांबवून, म्हणाले, "निळीच आहे की ओ."

नाव डावीकडे कलली, नाव उजवीकडे कलली. हिरवट. निळीच आहे की ओ. डावीकडे, उजवीकडे, हिरवट, निळी, लाट वर, लाट खाली, आणि गुडघ्यावर, भर उन्हात, भर वाऱ्यात, ते दोन बोटं कापड वाळता वाळत नव्हतं.